दिव्याला कुणी आग म्हणत नाही

माझ्या दोन्ही हातांवर दाबाचे मोजे असतात. नव्या कातडीला गाठी येऊ नयेत म्हणून ते आंघोळीची वेळ सोडली तर कायम घालायचे असतात. कोपरापर्यंत घट्ट, कातडीच्याच रंगाचे, लांबून पाहिलं तर लक्षात न येणारे. पेन धरता येतं, पण बोटं पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे एका बसणीत पानभरही होत नाही. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. हळू काम करायची मला सवय आहे.

वॉर्डात असताना मला फार वाटायचं की यातून गेलेल्या कुणीतरी लिहिलेलं काही वाचायला मिळावं. भिंतीवर हात धुण्याची चित्रं होती, तेवढंच. म्हणून हे लिहिते. मात्र वाचून धीर येईलच असं मी म्हणणार नाही. दुःख कमी होत जातं असं सगळे सांगतात, आणि ते थोडं खरंही असेल. किळस कमी झालेली नाही. मला त्या बाटलीची किळस येते, त्या वासाची येते आणि त्यानंतर घरी जे झालं त्याची तर सगळ्यात जास्त येते.

घट बसायच्या आधी

आमचं घर विणकरांच्या वस्तीत आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर पत्रा नाही, स्लॅब आहे. शेजारच्या मागांचा आवाज इतका सवयीचा की तो थांबला की आम्ही दचकतो. घरात आई, धाकटा भाऊ दत्ता, त्याची बायको रेखा आणि मी. मी लग्न केलं नाही. रेखा सांगोल्याकडची. तिच्या माहेरी डाळिंबाची थोडी झाडं आणि मेंढरं. ती मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची, आणि मला चिडवायचं असलं की 'ताई' सोडून 'वन्सं' म्हणायची.

आतल्या खोलीत देवघर आहे आणि देवघरात अखंड दिवा. दत्ता लहान असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकल्यावर आईने तो दिवा लावला आणि बोलली, हा तेवत राहील तोवर माझा दत्ता राहील. दत्ता वाचला. तेव्हापासून दिवा विझलेला नाही असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो. त्या खोलीत पंखा आहे, पण तो कुणी लावत नाही. खिडकी उन्हाळ्यातसुद्धा अर्धीच उघडायची. गावाला जायचं तर शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि तेलाची बाटली द्यायची. माणसाची सोय नंतर बघायची, आधी दिव्याची.

इतक्या वर्षांच्या तेलाचा आणि काजळीचा देवघरावर एक थर बसला होता. काळा, चिकट, बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटावा असा. घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुवून निघतं, अगदी गाद्यांच्या खोळींपर्यंत, पण देवघराचा हा थर दरवर्षी तसाच राहायचा. त्या वर्षी रेखाने मनावर घेतलं.

"सोडा लावला, साबण लावला, घासून घासून माझी नखं गेली," ती दत्ताला म्हणाली. "हलत न्हाय की."

"थांब जरा. उद्या फॅक्टरीतनं डागाचं औषध आणतो," दत्ता म्हणाला. "टॉवेलवरचं मशीनचं ऑइल पुसून निघतं त्यानं. तुझी काजळी काय चीज हाय!"

दत्ता टॉवेलच्या कारखान्यात फिनिशिंग खात्यात आहे. तिथे पेट्रोलसारखं पातळ, लगेच उडून जाणारं एक द्रावण असतं, त्याने कापडावरचे तेलाचे डाग काढतात. कामगार ते थोडं थोडं घरी आणतात. आमच्या गल्लीत शटर, शिलाई मशीन, मुलांच्या शर्टावरची शाई, सगळं त्यानेच साफ होतं. दत्ताने ते नारिंगी सरबताच्या रिकाम्या बाटलीत आणलं. लेबलवर फोडलेल्या संत्र्याचं चित्र होतं.

जाताना तो बजावून गेला, आग जवळ नको. रेखाने ते मनापासून पाळलं. तिने गॅसची शेगडी बंद केली, खाली वाकून सिलिंडरही बंद केला. "बघा हो वन्सं, खालनंपण बंद केला. नंतर म्हनाल, सांगोल्याची अडाणी." उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी तिने स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. मग देवघर रिकामं केलं, देव ताम्हणात घेतले, आणि दिवा उचलून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जमिनीवर पाटावर ठेवला. लांब. तेवताच.

बाहेर वारा होता. आई दारातून म्हणाली, "खिडकी लावा गं. दिवा जाईल."

खिडकी लावली.

मी हे पुन्हा पुन्हा आठवून बघितलं आहे. आम्ही तिघी होतो. एक शिकलेली, एक संसारात मुरलेली, एक चुणचुणीत. आम्ही आग शोधून शोधून बंद केली आणि तिघींपैकी एकीलाही दिवा ही आग आहे असं वाटलं नाही. दत्ताच्या कारखान्यात गेटवर कामगारांच्या खिशातली काडेपेटी काढून घेतात. त्यालाही वाटलं नाही. दिवा म्हणजे देव. देवाला कोण आग म्हणतं?

रेखाने वाटीत द्रावण ओतलं, चिंधी बुडवली आणि घासायला लागली. काळं पाणी ओघळू लागलं, खालून लाकूड दिसू लागलं. "आगं बया, हे तर सागवानी हाय की!" ती खुशीत म्हणाली. वास गोडसर होता, डोकं हलकं करणारा. तिने सढळ हाताने ओतलं. काही फरशीवर सांडलं. मी तिच्या मागे उभी राहून देव पुसत होते.

त्या द्रावणाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरून पसरते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त कोपऱ्यातून एक निळी रेघ जमिनीवरून आमच्याकडे पळत येताना पाहिली. आवाज मोठी चादर झटकल्यासारखा झाला. रेखा जमिनीवर बसलेली होती. तिच्या अंगात नायलॉनचा गाऊन होता. तो काढायला म्हणून मी हात घातले.

पेस्ट

शेजारी धावत आले. त्यांनी बादल्या ओतल्या, खोली छतापर्यंत भिजली. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण आग विझल्यावर कुणीतरी टूथपेस्टची ट्यूब आणली. माझ्या हातांवर, रेखाच्या गळ्यावर, पाठीवर पेस्ट लावली. एकीने हळद आणली. एक म्हणाली शाई लावा. घरात नळ होता, नळाला पाणी होतं, त्याच्याखाली आमचे हात धरावेत असं एकालाही सुचलं नाही.

दवाखान्यात सिस्टरने ती वाळलेली पेस्ट खरवडून काढली. पेस्टबरोबर जे निघालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. पुदिन्याचा वास येत होता. घरी आता मी मिठाने दात घासते.

टक्के

सरकारी दवाखान्याच्या जळीत वॉर्डात नावं लवकर पुसली जातात. माणूस टक्क्यांनी ओळखला जातो. मी वीसवाली होते, रेखा साठवाली. डॉक्टर तरुण होता, पायातल्या स्लिपरकडे बघत बोलायचा. "तुमचं भरून येईल," तो मला म्हणाला. "त्यांचं बघू." त्या 'बघू'चा अर्थ दत्ताला कळला नाही. मला कळला.

जळलेला माणूस पहिले काही दिवस चांगला बोलतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रेखा पडल्या पडल्या बडबडत होती. नातेवाईक आनंदले. "बोलतीय की चांगली!" म्हणून दत्ताने तिच्या मैत्रिणींना फोन लावून दिले. डॉक्टर मात्र तिच्याशी फार गोड बोलायला लागला होता.

पोलीसबाई जबाबाला आल्या. बाई भाजली की त्यांना यावंच लागतं आणि का यावं लागतं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी दत्ताला बाहेर काढलं, पडदा ओढला आणि विचारलं, "खरं सांग बाई, घाबरू नको. नवरा होता का घरी?"

रेखा म्हणाली, "नवऱ्यानं पेटवायला नवरा घरात पायजे की, मॅडम! ते तिकडं टॉवेलं मोजत हुते. आमी देवघर घासत हुतो. लिवा तसं. देव-घर."

पोलीसबाईंनी पेन थांबवलं. मग लिहिलं.

बाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांना हे उत्तर आवडलं नाही. त्यांना वेगळं काहीतरी हवं होतं. मूलबाळ नव्हतं, सासू कडक, नणंद घरात, एवढ्यावर त्यांची गोष्ट तयार होती. आमच्याच भावकीतली एक बाई केळं सोलत मला म्हणाली, "बाहेर स्टोव्हचा भडका म्हणून सांगा, आत काय ते असू दे." आमच्या घरी स्टोव्हच नाही. भेटायला म्हणून आलेल्यांपैकी दोघींनी रेखावरची चादर उचलून पाहिली. एक तर लहान मुलीला घेऊन आली होती.

वास

ड्रेसिंग सकाळी असायचं. ट्रॉलीचं एक चाक वाजायचं, ते वाजलं की सगळा वॉर्ड गप्प व्हायचा. जुनी पट्टी पाण्याने भिजवून सोडवतात, तरी ती आपलं काहीतरी घेऊनच सुटते. मी ओरडायची नाही. मला वाटायचं हा माझा धीर आहे. शांता सिस्टर म्हणाल्या, "ओरडा हो मॅडम, लायब्ररी नाही ही."

शांता सिस्टर अक्कलकोटकडच्या. पट्टी सोडवताना त्या कानडीत पुटपुटत राहायच्या, "आयतु, आयतु," म्हणजे झालं, झालं. कधीच झालेलं नसायचं. तरी तो शब्द ऐकला की मला श्वास घेता यायचा. त्या वॉर्डात मला कुणी काही दिलं असेल तर हा एक शब्द. आणखी एक, सफाईच्या मावशींनी माझा चष्मा रोज पुसून डोळ्यांवर लावून दिला. हात बांधलेले असताना दुसऱ्याने लावलेला चष्मा नेमका बसत नाही. त्या मागे सरून बघायच्या, पुन्हा नीट करायच्या.

मग रेखाच्या खाटेकडून एक गोड वास येऊ लागला. पिकून फुटलेल्या द्राक्षांसारखा. मला वाटलं कुणी फळं आणली. शांता सिस्टर आल्या, क्षणभर थांबल्या, आणि त्या दिवशी पट्टी सोडवताना काही पुटपुटल्या नाहीत. पट्टीवर हिरवट डाग होता. जखमेत जंतू शिरला होता.

ताप चढायला लागल्यावर रेखाचं बोलणं तुटक झालं. एका दुपारी तिने मला हाक मारली. आमच्या खाटांमध्ये हातभर अंतर होतं, पण मला हात लांबवता येत नव्हता आणि तिला मान वळवता येत नव्हती.

"ताई, देवघर निघालं का हो? का तसंच ऱ्हायलं?"

"निघालं," मी म्हणाले. "सागवानीच आहे."

"मी म्हनलंच हुतं," ती म्हणाली.

त्यानंतर तिने पाणी मागितलं, तेवढंच. ती गेली तेव्हा सकाळची ट्रॉली नुकतीच आत आली होती. तिचं चाक वाजत होतं.

दर्शन

मला घरची बातमी दत्ताकडून कळायची. तो पलंगाच्या पायाशी बसायचा, काहीतरी एकच सांगायचा. रेखा जाऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा तो म्हणाला, "ताई, आगीच्या दुसऱ्या दिवसापासनं घरी लोकं येतात. दिवा बघायला."

मला समजलं नाही.

"एवढी आग लागली, एवढं पाणी मारलं, पण दिवा विझला नाही म्हणतेत. नमस्कार करायला येतात. आईच्या पाया पडतात. सुतकात आपण शिवायचं नाही म्हणून काकू तेल घालतात रोज."

मी त्या दिवशी जेवले नाही. सिस्टरला वाटलं ताप आला. तो ताप नव्हता. माझ्या वहिनीची पाठ पट्टीला चिकटून निघत होती तेव्हा आमच्या घरी बायका त्या दिव्यापुढे नारळ ठेवत होत्या. देवीने सत्त्व दाखवलं, असं त्या म्हणत. मग रेखाला काय दाखवलं? मला विटाळ वाटला. तेवढाच शब्द मला सुचतो.

तुमच्या घरातल्या बाटलीबद्दल

मांडीची कातडी काढून माझ्या हातांवर लावली. ती धरली. डॉक्टर म्हणाले, हातांना आता गरम कळणार नाही, चहाचा कप धरताना बघून धरत जा. मी घरी आले आणि पहिल्यांदा ती बाटली शोधली. ती नव्हती. पण गल्लीत प्रत्येक घरात तिच्या बहिणी होत्या, मोरीच्या फळीवर, पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्यांमध्ये, मुलांच्या हाताला येतील अशा.

मी घरोघर गेले. बोलणं मला जमत नाही, म्हणून मोजे काढून हात दाखवले. सांगितलं ते असं. पेट्रोल, थिनर किंवा फॅक्टरीतलं डागाचं औषध घरात सफाईला वापरू नका, थोडंसुद्धा नाही, खिडकी उघडी असली तरी नाही. त्याची वाफ दिसत नाही, ती जमिनीवरून चालत जाते आणि ठिणगी शोधते. दिवा, उदबत्ती, फ्रिजचं बटण, पंख्याचं बटण, तिला काहीही चालतं. त्यात भिजलेली चिंधीसुद्धा घरात ठेवू नका. काजळीचा थर गरम पाणी, सोडा आणि राख याने निघतो, चार दिवस लागतील इतकंच. आणि कुणी भाजलंच तर नळाखाली धरा, वीस मिनिटं, वाहतं साधं पाणी. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका, पेस्ट नको, हळद नको, शाई नको. स्वच्छ कापड झाकून दवाखाना गाठा.

सगळ्यांनी ऐकलं. बहुतेक जणी हळहळल्या. एक म्हणाली, "व्हय, पण आमी जपून वापरतो की."

रेखासुद्धा जपूनच वापरत होती.

सांगोल्याहून

रेखाची आई तिच्या साड्या न्यायला आली. वाकळ शिवायची म्हणाली. सोबत पिशवीभर डाळिंबं. जावयाला दिली नाहीत, माझ्या मांडीवर ठेवली. कृश बाई, पायात जाड चपला, कपाळ मोकळं. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी ती थांबली. फरशी पांढरी घासलेली होती, पण भिंतीवर काळ्या जिभा अजून होत्या. देवघर अर्धं काळं, अर्धं सागवानी.

आई तिला आत घेऊन गेली. काय बोलावं ते आईला कळत नसावं. येणाऱ्या सगळ्यांना सांगत आलेली तीच गोष्ट तिने पुन्हा सांगितली. "एवढं झालं बघा विहीणबाई, पण दिवा न्हाई गेला."

रेखाच्या आईने दिव्याकडे पाहिलं.

"दिव्याला वाचवलं म्हना की तुमच्या देवीनं," ती म्हणाली. "बरं केलं. माजी लेक काय, बाजारात मिळंल."

आईचा चेहरा पडला. ती पदराशी चाळा करू लागली. मी दारात उभी होते. मला आईची दया यायला हवी होती. मला फक्त त्या तेलाचा वास येत होता.

मी आत गेले, उजव्या हाताचा मोजा काढला आणि दोन बोटांनी वात चिमटीत धरली.

काहीच कळलं नाही. ना चटका, ना ऊब. विझली हेसुद्धा मला धुरावरून कळलं.

आई माझ्यावर ओरडली नाही. ती दाराकडे वळली आणि तिने हाक मारली, "दत्ता!"

बाहेर नळ चालू होता. उत्तर आलं नाही.

"दत्ता! अरे दत्ता!"

"ओ! काय गं आई? कपडे पिळतोय की!" दत्ता तसाच आत आला, हातात अर्धी पिळलेली चादर, पाणी फरशीवर ठिबकतंय. "काय झालं?"

आईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

"त्या दिवशी पण गेला होता," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दूध नासलं सांगावं तसा. "पाणी मारलं तेव्हाच गेला. तुम्हा दोघींना रिक्षात घातलं आणि मी परत येऊन लावला. स्वयंपाकघरातनं काडेपेटी आणली. पोर जाईल माझं, म्हणून."

शेजारचे माग चालू होते. इतके दिवस त्या बायका ज्याला नमस्कार करत होत्या तो दिवा आईने रेखाच्या गाऊनच्या ओल्या राखेत उभं राहून, रेखानेच लांब नेऊन ठेवलेल्या काडेपेटीने लावलेला होता. आणि आई रोज तिथे बसून ऐकत होती.

रेखाची आई बाहेर जाऊन दारातली आपली चप्पल घेऊन आली. खिडकीच्या कधी न उघडलेल्या दुसऱ्या दाराची कडी इतक्या वर्षांत गंजली होती, ती तिने चपलेने ठोकली आणि दोन्ही दारं भिंतीपर्यंत उघडली. मी बटण दाबलं. पंखा आधी नुसता गुरगुरला, मग पात्यांवरची काजळी आमच्या सगळ्यांच्या अंगावर उडवत फिरायला लागला.